विद्यार्थिनीची ओव्हर

रुग्णालयात पाळी बदलते तेव्हा जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला ‘ओव्हर’ देते. खाटेपाशी उभी राहून ती एकेका रुग्णाचे सांगत जाते. रात्री ताप किती चढला, लघवी किती झाली, कुठले सलाईन चालू आहे, कुठल्या औषधाची वेळ टळली, नातेवाइकांना काय सांगून झाले आहे. ऐकणारीने वहीत सही केली की तो रुग्ण तिचा. परिचर्येच्या साऱ्या व्यवहारात हा अर्धा तास मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यात जबाबदारीला नाव असते. हा रुग्ण आत्ता कोणाचा, असे विचारले तर उत्तर मिळाले नाही असे कधी होत नाही.

मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. मे २०२१ मध्ये आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुली कोविडच्या अतिदक्षता विभागात ड्युटीला गेल्या, तेव्हा त्यांची ओव्हर कोणी कोणाला दिली नाही. कॉलेजने यादी पाठवली, वॉर्डाने हजेरी लिहून घेतली. कोणाला सक्शन नीट येते, कोणी सिरिंज पंपाला अजून हात लावलेला नाही, कोणाचे वडील गेल्याच आठवड्यात गेले, यातले काहीही त्या यादीत नव्हते. ते सांगायला मी तिथे उभे राहायला हवे होते. मी राहिले नाही. हा लेख त्या न दिलेल्या ओव्हरबद्दल आहे.

त्या दिवसांची आठवण पुसट होऊ लागली आहे, म्हणून सांगते. १८ एप्रिल २०२१ या एका दिवशी महाराष्ट्रात ६८ हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. खाटा वाढवता येत होत्या, व्हेंटिलेटर आणता येत होते, पण व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाजवळ बारा-बारा तास उभे राहणारे माणूस कारखान्यात तयार होत नाही. ३ मे रोजी केंद्र सरकारने आदेश काढले. इंटर्न डॉक्टरांना कोविड ड्युटी द्या, एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सौम्य रुग्णांवर लक्ष ठेवायला आणि फोनवरून सल्ला द्यायला घ्या, बीएस्सी आणि जीएनएम झालेल्या परिचारिकांना पूर्णवेळ कोविडच्या कामाला लावा. अंतिम परीक्षेची वाट पाहणाऱ्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनाही वरिष्ठ अध्यापकांच्या देखरेखीखाली ड्युटी देता येईल, असे त्यात होते. १०० दिवस काम करणाऱ्यांना सन्मानपत्र आणि सरकारी भरतीत प्राधान्य मिळणार होते.

आदेश निघाला यात माझ्या मते चूक नव्हती. माणसे मरत होती आणि हात हवे होते. माझे भांडण त्यातल्या एका शब्दाशी आहे, आणि तो शब्द म्हणजे ‘देखरेख’.

पहाटे तीन वाजता पीपीई किटमध्ये देखरेख कशी होते, ते आत गेलेल्यालाच ठाऊक. चेहरे दिसत नाहीत. पाठीवर मार्करने नाव लिहिलेले असते, पण ज्याच्याकडे आपण पाहतो आहोत त्याची पाठ आपल्याकडे असेल तरच ते वाचता येते. गॉगलवर वाफ धरते. एन-९५ मधून बोललेले व्हेंटिलेटरच्या अलार्ममध्ये विरून जाते. शिकवणाऱ्याचे अर्धे शिकवणे चेहऱ्यावर असते. भुवई वर गेली की विद्यार्थिनी थांबते, मान हलली की पुढे जाते. ते सगळे गेले. हातात दोन जोड ग्लोव्ह्ज असले की नाडी बोटाला लागत नाही. किटमुळे स्टेथोस्कोप कानापर्यंत पोहोचत नाही. आम्ही तीन वर्षे मुलींना सांगत आलो होतो की मॉनिटरकडे नंतर बघा, आधी रुग्णाकडे बघा, त्याला हात लावा. आणि त्यांची पहिली खरी परीक्षा झाली ती मॉनिटरखेरीज दुसरे काही धड कळत नाही अशा जागी.

कागदावरची देखरेखही पाहू. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. वर्गासाठी हे प्रमाण चालेल, मेडिसिन वॉर्डात सकाळच्या पाळीला ओढूनताणून जमेल. अतिदक्षता विभागात, जिथे व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक परिचारिका असावी असे आपणच शिकवतो, तिथे दहा मुलींमागे एक बाई म्हणजे देखरेख नाही. शिवाय ती एक बाई रात्री तिथे नसतेच.

त्या महिन्यातला एक प्रसंग सांगते. एका रुग्णाला रक्तदाब टिकवण्यासाठी नॉरॲड्रेनलिनचा पंप चालू होता. पहाटे सिरिंज संपत आल्याचा अलार्म वाजला. त्या खाटेची सिस्टर पलीकडे एका सीपीआरमध्ये होती. आमची विद्यार्थिनी एकटी होती. तिने नवी सिरिंज भरली, जुनी काढली, नवी बसवली, पंप सुरू केला. पुस्तकाप्रमाणे सगळे बरोबर. पण नवी सिरिंज पंपात घट्ट बसून औषध नळीतून पुढे सरकायला थोडा वेळ जातो, आणि ज्याचा रक्तदाब या औषधावरच तगून आहे त्याला तेवढाही वेळ झेपत नाही. म्हणून जाणत्या सिस्टर जुना पंप संपण्याआधीच दुसरा पंप शेजारी चालू करून ठेवतात आणि मग पहिला हळूहळू कमी करतात. हे तिला कोणी दाखवले नव्हते. वरचा आकडा साठच्या खाली गेला. चार मिनिटांनी सिस्टर धावत आली, रुग्ण सावरला. मुलगी मात्र सावरली नाही. आठ दिवसांनी मला फोन करून म्हणाली, “मॅडम, तो माणूस माझ्यामुळे गेला असता.” मी तिला सांगितले ते इथेही लिहिते. चूक तिच्या हातून झाली, पण चूक तिची नव्हती. न शिकवलेले काम एकटीवर सोडणाऱ्या व्यवस्थेची ती होती, आणि त्या व्यवस्थेत मी होते.

“पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही,” असे त्या वेळी फार ऐकले. मी विहिरीत पोहायला शिकले आहे. आमच्याकडे मुलाला विहिरीत ढकलतात हे खरे, पण त्याच्या पाठीला रिकामा डबा नाहीतर वाळका भोपळा बांधलेला असतो आणि खाली पाण्यात काका किंवा मामा आधीच उतरलेला असतो. डबा हळूहळू सुटतो. मामा मात्र पोर कडेला लागेपर्यंत पाण्यातून बाहेर येत नाही. डबा न बांधता, मामा पाण्यात नसताना ढकलणे म्हणजे शिकवणे नव्हे, हे आपल्या खेड्यापाड्यांत सगळ्यांना कळते. अतिदक्षता विभागात तर आणखी एक गोष्ट आहे. तिथे विद्यार्थिनीने गटांगळी खाल्ली तर बुडतो तो रुग्ण.

मग मुलींना घरी ठेवायला हवे होते का? अनेक पालकांचे तसेच म्हणणे होते, आणि वीस-एकवीस वर्षांच्या मुलीच्या आईने तसे म्हणणे मला समजते. पण त्याचीही किंमत आपण मोजतो आहोत. मार्च २०२० मध्ये वसतिगृहे रिकामी झाली. धाकट्या वर्षांच्या मुली महिनोन् महिने मोबाईलवर शिकल्या. कॅथेटर घालणे त्यांनी व्हिडिओत पाहिले, उशीवर इंजेक्शनचा सराव केला, केस प्रेझेंटेशन पुस्तकातल्या रुग्णावर लिहिले. त्या पास झाल्या. आज त्यांतल्या कित्येक जणी रात्रपाळीला वॉर्ड सांभाळत आहेत. रुग्णाच्या अंगाला हात लावण्याआधीचे ते दोन सेकंदांचे अडखळणे पहिल्या वर्षातच सुटावे लागते. ते ज्यांचे नोकरी लागल्यावर सुटले, त्यांच्यावर आणि त्यांच्या रुग्णांवर अन्याय झालाच. दार लावून घेणे हा उपाय नव्हता.

कारण त्या विभागात मुली जे शिकल्या ते दुसऱ्या कुठल्याही वर्षी, कुठल्याही कॉलेजात शिकता आले नसते. हे मी खात्रीने सांगते. रुग्णाला पालथे घालण्याचेच घ्या. फुफ्फुसे फार बिघडलेल्या रुग्णाला पोटावर झोपवले की पाठीकडचा, दबलेला भाग उघडतो आणि प्राणवायू अधिक मिसळतो. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाचे निदान १६ तास पालथे ठेवलेल्या गंभीर रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू १६ टक्के होते, उताणे ठेवलेल्यांत ३२.८ टक्के. एवढा फरक पाडणारे हे काम कुठलेही यंत्र करत नाही, माणसांचे हात करतात. चार-पाच जण लागतात. डोक्याशी उभा असलेला श्वासनळी धरतो आणि तोच आकडे मोजतो. त्याच्या ‘तीन’वर सगळे वळवतात. एक जण सेंट्रल लाईन सांभाळतो, एक लघवीची पिशवी, बाकीचे धड आणि पाय. मग कपाळाखाली, गालाखाली, गुडघ्याखाली गादी, डोळ्यांना पट्टी, दर दोन तासांनी मान दुसऱ्या बाजूला.

आमच्या मुली पहिल्या दिवशी पायाशी उभ्या राहिल्या. आठवड्याने लाईनपाशी आल्या. महिन्याने एकीने श्वासनळी धरली, तेव्हा तिच्या शेजारी भूलतज्ज्ञ उभे होते आणि त्यांचा हात तिच्या हाताखाली होता. पायापासून डोक्यापर्यंतच्या या तीन पावलांत मला उत्तम शिक्षणाचे सगळे दिसते. काम खरे, घाई खरी, पण तिच्या वाट्याचा तुकडा तिला पेलेल एवढाच, आणि शेजारी पाहणारे डोळे. अमेरिकन परिचारिका पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ च्या त्यांच्या ‘फ्रॉम नोव्हिस टू एक्स्पर्ट’ या पुस्तकात नवखी परिचारिका आणि मुरलेली परिचारिका यांतला फरक मांडला. नवखी नियम धरून चालते, मुरलेलीला सगळे चित्र एकदम दिसते. पुस्तकात प्राणवायू कमी म्हणजे धाप, म्हणून नवखी धाप शोधते. आणि इथे तर समोरचा माणूस ७८ चे सॅच्युरेशन असताना फोनवर हसत बोलत होता. नियम तिथे तोकडा पडत होता. तिथे गरज होती ती ‘याच्या बोलण्याची वाक्ये आता आखूड झाली आहेत’ हे ऐकणाऱ्या कानाची. तो कान जुन्या सिस्टरकडे असतो आणि तिच्या शेजारी उभे राहिल्यानेच दुसऱ्याला मिळतो.

आणखी एक शिकवण तिथे मिळाली, जिची मी अपेक्षा केली नव्हती. त्या वर्षभरात उपचारच बदलत गेले. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आले आणि गेले. प्लाझ्मासाठी लोक रात्ररात्र फिरले. भारतातल्याच ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात त्याचा उपयोग दिसला नाही, हे २०२० च्या ऑक्टोबरातच प्रसिद्ध झाले होते. तरी ते राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून निघाले १७ मे २०२१ रोजी, म्हणजे आमच्या मुली वॉर्डात असतानाच. एकीने विचारले, “मॅडम, मग आपण आधी लावले त्याचे काय?” एवढा चांगला प्रश्न मला वर्गात कधी कोणी विचारला नव्हता. डॉक्टरांनाही सगळे माहीत नसते, आज बरोबर ते उद्या चूक ठरते, आणि म्हणून नोंद नेमकी ठेवायची असते, हे तिला आता कोणी पढवायची गरज नाही.

मृत्यूबद्दल थोडेच लिहिते. या मुलींनी रुग्णांचे शेवटचे व्हिडिओ कॉल लावून दिले. त्यांच्याच वयाच्या मुलाला आईचा चेहरा दाखवताना फोन हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवला. मग देह पिशवीत बांधला, पिशवीवर नाव लिहिले, आणि पुढच्या खाटेवर गेल्या. नंतर कोणी त्यांच्यासोबत बसले नाही. अभ्यासक्रमात मृत्यूशय्येवरच्या रुग्णाची परिचर्या हा धडा आहे, तो मी स्वतः शिकवते. परिचर्या करणाऱ्या मुलीचे त्या रात्री काय करायचे, हे त्या धड्यात नाही.

विद्यार्थी आणि अतिदक्षता यांचे नाते आपण समजतो त्याहून जुने आहे. अतिदक्षता विभाग ही कल्पनाच एका साथीत, विद्यार्थ्यांच्या हातांवर उभी राहिली. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात सगळे शरीर आत घेणारे श्वसनयंत्र एकच होते, छातीवर बसवायची आणखी सहा. पहिल्या काही आठवड्यांत श्वास बंद पडत चाललेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. २७ ऑगस्ट रोजी भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या सांगण्यावरून बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनळीला छेद देऊन नळी बसवली गेली आणि इब्सेन यांनी रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. ती वाचली. मग प्रत्येक खाटेपाशी पिशवी दाबणारा माणूस हवा झाला, रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे. वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय शाखांचे सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून बसले. मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी त्याच शहरात अतिदक्षता विभाग सुरू केला. आज जगभर जो विभाग आहे, त्याची सुरुवात ती.

‘बघा, संकटात विद्यार्थी वापरता येतात,’ हे सांगायला ही कथा पुष्कळदा पुढे केली जाते. मला त्यातले दुसरेच महत्त्वाचे वाटते. त्या विद्यार्थ्यांना एक रुग्ण दिला होता आणि एक काम दिले होते. पिशवी किती दाबायची, कधी दाबायची हे शिकवले होते, आणि मागे भूलतज्ज्ञ व परिचारिका होत्या. पंप, औषधे, नोंदी, नातेवाईक आणि शेजारच्या तीन खाटा त्यांच्या अंगावर टाकल्या नव्हत्या. संकट आपल्याहून लहान नव्हते. तरी कामाला कड आखून दिली होती. म्हणून ‘आणीबाणीत हे सगळे कुठे जमते’ हा युक्तिवाद मला मान्य नाही. आखलेले काम द्यायला पैसा लागत नाही. कोणाला काय येते ते आधी विचारावे लागते, एवढेच.

ब्रिटनने २०२० मध्ये निदान एक गोष्ट उघडपणे केली. तिथे एरवी विद्यार्थी मनुष्यबळात धरला जात नाही, तो तिथे शिकायला असतो. साथीत शेवटच्या सहा महिन्यांतल्या विद्यार्थ्यांना, त्यांची इच्छा असेल तर, पगारी कामावर घेतले, आणि त्या काळापुरते तुम्ही मनुष्यबळात धरले जाल हे लिहून सांगितले. तिथेही तक्रारी झाल्या. पण तू आज शिकायला आली आहेस की कामाला, या प्रश्नाला उत्तर होते. आमच्या मुलींना ते कोणी दिले नाही. सकाळी त्या विद्यार्थिनी असत, रात्री स्टाफ. चूक झाली की पुन्हा विद्यार्थिनी.

आणि चूक झाली की आपल्याकडे काय होते, हेही या मुलींनी त्याच वर्षी पाहिले. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्णांचा जीव गेला. त्यानंतर अटक झालेल्यांत परिचारिका होत्या. खटल्याबद्दल मला इथे बोलायचे नाही. पण ती बातमी आली त्या दिवशी वर्गातल्या मुली एकमेकींकडे बघत बसल्या होत्या, हे मी पाहिले आहे. जबाबदारी नावानिशी आधी दिली नाही, तर ती नंतर सर्वांत खालच्या पायरीवर जाऊन बसते, हे त्यांना न सांगता कळले.

या सगळ्याच्या मुळाशी मला एक जुनी फट दिसते. आपल्याकडे शिकवणारी आणि सेवा करणारी या दोन वेगळ्या बायका आहेत. कॉलेजातल्या मॅडमकडे रुग्ण नसतो आणि वॉर्डातल्या सिस्टरकडे शिकवण्याचे काम नसते. मी एमएस्सी झाले आणि खाटेपासून दूर गेले. माझ्या बढतीत रुग्णाची एक रात्रही मोजली जात नाही. सिस्टर वीस वर्षे खाटेपाशी आहे, पण मुलीला सिरिंज पंप शिकवण्यात तिने घालवलेला अर्धा तास तिच्या कामात कुठेच धरला जात नाही, उलट तिची औषधे मागे पडतात. साथ आली तेव्हा विद्यार्थिनी नेमकी या फटीत पडली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजाने शिकवणे आणि सेवा एकत्र ठेवण्याची परंपरा पुष्कळ वर्षे जपली आहे, म्हणजे हे आपल्या देशात अशक्य नाही. आपण ते केलेले नाही.

पुण्यात प्लेग आला तेव्हा सावित्रीबाई फुले स्वतः रुग्णांच्या सेवेत उतरल्या आणि त्याच आजाराने १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्यांच्या त्यागावर आपण बोलतो. मला त्यांच्यातली शिक्षिका आठवते. ती पुढे होती. २२ मार्च २०२० ला आपण थाळ्या वाजवल्या आणि परिचारिकांना योद्धा म्हटले. योद्धा म्हटले की मग ती शिकली आहे का, हे विचारायचे राहून जाते. मला माझ्या मुलींसाठी तो शब्द नको आहे. त्यांच्यासाठी त्या रात्री तिथे उभी असलेली शिक्षिका हवी आहे, आणि ती मी असायला हवे.

म्हणून ज्या कॉलेजांच्या मुली आज कुठल्याही अतिदक्षता विभागात ड्युटी करतात त्यांच्या प्राचार्यांना, आणि त्या विभागांच्या इन्चार्ज सिस्टरांना, माझी एक विनंती आहे. साथ येईल तेव्हा पाहू, असे करू नका, आजच सुरू करा. ओव्हरच्या वहीत रुग्णांच्या खाली विद्यार्थिनीसाठी एक ओळ वाढवा. तिचे नाव, तिला एकटीने करता येणारी कामे, तिने एकटीने करायची नाहीत अशी कामे, आणि आजच्या पाळीत तिची जबाबदारी घेणाऱ्या सिस्टरची सही. ज्या सिस्टरने सही केली तिच्याकडे त्या पाळीत एक रुग्ण कमी द्या. आमच्या कॉलेजाने गेल्या वर्षीपासून ही ओळ लिहायला घेतली आहे. पहिली सही मिळवायला मला सव्वा महिना लागला.